कार्यालयात भेदभाव झाला तर : शासकीय कर्मचाऱ्याने तक्रार कशी आणि कुठे करावी

शासकीय कार्यालयातला भेदभाव सहसा कोणी तोंडाने कबूल करत नाही. तो कार्यवाटपाच्या यादीत, ज्येष्ठतासूचीत, बदलीच्या आदेशात किंवा गोपनीय अहवालातल्या एका ओळीत दडलेला असतो, आणि त्या कागदावर सही करणारा अधिकारी ‘प्रशासकीय कारणास्तव’ या दोन शब्दांच्या आड उभा असतो. त्याविरुद्ध येणारी निवेदने मात्र बहुतेक वेळा उलट्या पद्धतीची असतात : मनस्तापाचे वर्णन दोन पाने, पण ज्या निर्णयामुळे नुकसान झाले त्याचा क्रमांक व दिनांक कुठेच नाही. अशी निवेदने आस्थापना शाखेत येतात, ‘दप्तरी दाखल’ असा शेरा घेऊन नस्तीत जातात आणि तिथेच राहतात. पुढील विवेचन मुख्यतः महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे; केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी जिथे मार्ग वेगळा आहे तिथे तसा उल्लेख केला आहे.

अन्याय आणि भेदभाव यांतला फरक

लेखणी उचलण्यापूर्वी एक गोष्ट स्वतःशीच स्पष्ट करून घ्यावी लागते. वरिष्ठ सगळ्यांशीच उर्मटपणे बोलतात, सगळ्यांच्याच रजा अडवतात, हा त्रास आहे, कदाचित गैरवर्तनही आहे. पण तो भेदभाव नव्हे. सारख्या परिस्थितीतल्या दोघांना वेगळी वागणूक मिळाली आणि त्या फरकामागे कायद्याला मान्य नसलेले कारण आहे, असे दाखवता आले तरच भेदभावाची तक्रार उभी राहते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६ नुसार सार्वजनिक सेवेत सर्वांना समान संधी आहे आणि धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास एवढ्याच कारणावरून कोणालाही डावलता येत नाही. अपंगत्व, एचआयव्हीबाधित असणे आणि तृतीयपंथी ओळख यांना स्वतंत्र कायद्यांनी संरक्षण दिले आहे. यांपैकी कोणतेही कारण दाखवता येत नसले, तरी अनुच्छेद १४ खाली मनमानी निर्णयाला आव्हान देता येते. त्या तक्रारीची मांडणी मात्र ‘मनमानी’ आणि ‘नियमभंग’ या अंगाने करावी. जातीचा संबंध नसताना केवळ वजन यावे म्हणून तो मुद्दा घुसवणाऱ्यांची खरी तक्रारही संशयात जाते, हे इथेच स्पष्ट सांगायला हवे.

कागद आधी, निवेदन नंतर

घटना घडली त्या दिवसापासून एक साधी नोंदवही ठेवावी. तिच्यात तारीख, वेळ, ठिकाण, उपस्थितांची नावे आणि शक्य तितके मूळ शब्द त्याच दिवशी लिहावेत. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेल्या हकिगतीपेक्षा त्या दिवशीच्या चार ओळींना चौकशीत कितीतरी अधिक किंमत मिळते. मोबाइलवरचे संदेश पुसू नयेत आणि केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नये. मूळ संदेश ज्या उपकरणात आहे ते जपावे, कारण इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते.

यानंतर ज्या निर्णयाविरुद्ध तक्रार आहे त्याची प्रत मिळवावी. ती सहज मिळत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. शुल्क १० रुपये असते आणि जन माहिती अधिकाऱ्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. अर्ज लिहिताना ‘मला पदोन्नती का दिली नाही’ असे विचारू नये, कारण माहिती अधिकारी अभिलेखातली माहिती देतो, खुलासा देत नाही. त्याऐवजी विभागीय पदोन्नती समितीच्या अमुक तारखेच्या बैठकीचे इतिवृत्त, निवडसूची, अंतिम ज्येष्ठतासूची, आपल्या प्रकरणावरील टिप्पणी आणि त्या पदाची बिंदुनामावली (आरक्षित व खुल्या जागांचा क्रमवार तक्ता) यांच्या प्रती मागाव्यात. सहकाऱ्याचा गोपनीय अहवाल किंवा त्याच्या शिक्षेची कागदपत्रे मागितल्यास ती वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली जाण्याची शक्यता मोठी असते. याच कायद्याच्या कलम ४(१)(घ) नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवणे हे प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. अर्जात या तरतुदीचा उल्लेख केल्यास ‘कारणे अभिलेखावर उपलब्ध नाहीत’ असे उत्तर मिळते का तेही कळते, आणि तसे लेखी उत्तर आले तर तोच पुढे उत्तम पुरावा ठरतो.

माहिती अधिकाराचे उत्तर येईपर्यंत निवेदन थांबवून ठेवू नये. हातात आहे तेवढ्यावर निवेदन द्यावे आणि ‘अधिक कागदपत्रे प्राप्त होताच सादर करीन’ अशी ओळ शेवटी जोडावी.

निवेदन कसे लिहावे

निवेदन नेहमी निर्णय घेण्यास किंवा बदलण्यास सक्षम असलेल्या प्राधिकाऱ्याला उद्देशून लिहावे आणि ‘उचित मार्गाने’, म्हणजे कार्यालय प्रमुखांमार्फत पाठवावे. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे तेच कार्यालय प्रमुख असतील, तर वरिष्ठांकडे आगाऊ प्रत पाठवून तसे निवेदनातच नमूद करावे. आमदार, मंत्री किंवा बाहेरच्या व्यक्तीची शिफारसपत्रे जोडण्याचा मोह आवरावा. सेवाविषयक बाबींत राजकीय किंवा अन्य बाहेरचे दडपण आणणे वर्तणूक नियमांखाली स्वतंत्र गैरवर्तन ठरते, आणि मूळ तक्रारीऐवजी त्या शिफारशीवरच खुलासा मागवला जाण्याची वेळ येते. निनावी अर्जाचा तर विचारच करू नये. त्यावर सहसा कार्यवाही होत नाही आणि झाली तरी मुदतीच्या हिशेबात तो तुमचा अर्ज धरला जात नाही.

मजकुरातला फरक उदाहरणाने लक्षात येईल. एक कर्मचारी लिहितो : “साहेब मला नेहमीच डावलतात, मी मागासवर्गीय असल्याने माझ्यावर सतत अन्याय होतो, तरी मला न्याय मिळावा.” या वाक्यात तपासण्यासारखे काहीच नाही. तीच गोष्ट अशी लिहिता येते : “दिनांक १२ जून २०२४ च्या आदेशान्वये कार्यालय अधीक्षक पदाचा अतिरिक्त कार्यभार ज्येष्ठतासूचीतील अनुक्रमांक १४ वरील कर्मचाऱ्याकडे सोपवण्यात आला आहे. माझा अनुक्रमांक ९ असून माझ्याविरुद्ध कोणतीही विभागीय चौकशी प्रलंबित नाही. यापूर्वी २०२१ आणि २०२३ मध्येही हा कार्यभार मला वगळून माझ्याहून कनिष्ठ कर्मचाऱ्यांना देण्यात आला. तिन्ही वेळी वगळलेला ज्येष्ठ कर्मचारी मीच असून या संवर्गात अनुसूचित जातीचा कर्मचारीही मी एकटाच आहे. तिन्ही आदेशांत कारण नमूद नाही.” इथे आक्रोश नाही, विशेषणे नाहीत, पण उत्तर देणाऱ्याला आता तीन आदेश काढून तीन वेळा कारण सांगावे लागणार आहे. भेदभावाच्या तक्रारीचा सगळा भार या तुलनेवर असतो. तुमच्यासारखाच कोण, त्याला काय मिळाले, तुम्हाला काय मिळाले नाही, आणि तुम्हा दोघांत फरक कोणता, या चार गोष्टी एका परिच्छेदात बसल्या पाहिजेत.

शेवटी मागणी नेमकी असावी. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे लिहिले की कार्यालय स्वतःला योग्य वाटेल ती कार्यवाही करते. कोणता आदेश रद्द करायचा, कोणत्या तारखेपासून कोणता लाभ द्यायचा, हे एकेक करून मागावे. निवेदन आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, दिनांक आणि सही घ्यावी. आवक लिपिक ‘साहेबांना विचारून घेतो’ म्हणत टाळाटाळ करत असेल, तर वाद न घालता त्याच दिवशी पोच मिळेल अशा पद्धतीने टपालाने आणि कार्यालयीन ई-मेलवर पाठवावे. ही पोच किरकोळ वाटते खरी, पण पुढची सगळी मुदत तिच्यावरून मोजली जाते.

‘आपले सरकार’सारख्या तक्रार निवारण पोर्टलवर सेवाविषयक तक्रार टाकून निश्चिंत होणारे कर्मचारी बरेच आढळतात. केंद्राच्या लोकतक्रार पोर्टलवर तर विहित मार्ग वापरून झाल्याशिवाय कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक तक्रारी घेतल्याच जात नाहीत. पोर्टलवरची नोंद निवेदनाची जागा घेऊ शकत नाही, असेच धरून चालावे.

तक्रारीच्या कारणानुसार वेगळी दारे

सर्वसाधारण निवेदनाखेरीज काही प्रकारच्या भेदभावासाठी कायद्याने स्वतंत्र यंत्रणा दिली आहे, आणि तिथल्या मुदती वेगळ्या आहेत.

महिलेचा लैंगिक छळ हा कायद्याच्या दृष्टीने समानतेच्या हक्काचाच भंग आहे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असावी लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला असावी, किमान निम्म्या सदस्य महिला असाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा. शारीरिक स्पर्श झाला तरच तक्रार करता येते, हा समज चुकीचा आहे. लैंगिक वर्तनाच्या संदर्भात नोकरीत फायद्याचे आमिष दाखवणे, नुकसानीची धमकी देणे, कामाच्या जागी भीतीचे किंवा अपमानाचे वातावरण निर्माण करणे यांचाही कलम ३ मध्ये समावेश आहे. घटनेपासून, किंवा घटनांची मालिका असल्यास शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत लेखी तक्रार करावी लागते. समिती सबळ कारणासाठी ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. तक्रारीच्या सहा प्रती, पुराव्याची कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते सोबत द्यावेत. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत दिला जावा आणि शिफारशींवर ६० दिवसांत कार्यवाही व्हावी, असा क्रम कायद्यात ठरवलेला आहे. चौकशी चालू असताना लेखी विनंती केल्यास तक्रारदार महिलेची किंवा प्रतिवादीची बदली, अथवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा, अशी अंतरिम शिफारस समिती करू शकते. ही रजा तिच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त असते, आणि ती मागण्याचे बहुतेकींना कोणी सांगतच नाही. समितीने सुचवलेला समेट तक्रारदाराने स्वतः विनंती केली असेल तरच करता येतो, आणि त्याचा आधार पैसा असू शकत नाही. कार्यालयात समितीच नसेल किंवा तक्रार खुद्द नियोक्त्याविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. केंद्र शासनाच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते. तक्रार सिद्ध झाली नाही तर आपल्यावरच कारवाई होईल, या भीतीने अनेकजणी मागे राहतात. पण केवळ सिद्ध न होणे म्हणजे खोटी तक्रार नव्हे, असे कलम १४ मध्येच म्हटले आहे. कारवाईसाठी दुष्ट हेतू स्वतंत्र चौकशीत सिद्ध व्हावा लागतो.

दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम हे सर्वांत कमी वापरले गेलेले, पण धारदार साधन आहे. त्याच्या कलम २० नुसार शासकीय आस्थापनेला नोकरीच्या कोणत्याही बाबतीत दिव्यांगत्वावरून भेदभाव करता येत नाही, केवळ त्या कारणाने पदोन्नती नाकारता येत नाही आणि कामासाठी आवश्यक सोयी पुरवाव्या लागतात. सेवेत असताना अपंगत्व आले, तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येव्यतिरिक्तच्या, पदावर ठेवावे लागते. दुसऱ्या मजल्यावर टेबल असलेल्या, कुबड्या वापरणाऱ्या लिपिकाने तळमजल्यावर बसण्याची जागा मागितली आणि ‘शाखा तिथेच आहे’ एवढे उत्तर मिळाले, तर त्याने या कलमाचा आधार घेऊन आस्थापनेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार द्यावी. कलम २३ नुसार असा अधिकारी नेमणे प्रत्येक शासकीय आस्थापनेला बंधनकारक आहे. त्याने तक्रारीची नोंदवही ठेवायची असते आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे, आणि त्याखेरीज पुण्यातील राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. पहिला अर्ज करताना ‘या कार्यालयाचे तक्रार निवारण अधिकारी कोण, हे कळवावे’ अशी विचारणाही करावी. बऱ्याचदा नेमणुकीची फाइल त्या पत्रानंतरच हलते.

जातीच्या कारणावरून होणाऱ्या भेदभावाचे दोन भाग पाडावेत. पदोन्नती, बिंदुनामावली, कार्यभार अशा सेवाविषयक बाबी असतील, तर निवेदन द्यावेच. शिवाय बिंदुनामावलीच्या चुकीसाठी विभागीय आयुक्त कार्यालयातील मागासवर्ग कक्षाकडे लेखी तक्रार करावी. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग किंवा अनुसूचित जमाती आयोगाकडेही अर्ज करता येतो. या आयोगांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, त्यामुळे कार्यालयाला उत्तर द्यावेच लागते. मात्र बदली किंवा पदोन्नतीला स्थगिती देण्याचा अधिकार त्यांना नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले आहे. आयोगाकडे प्रकरण चालू आहे म्हणून न्यायाधिकरणाची मुदतही आपोआप थांबत नाही. दुसरा भाग गुन्ह्याचा. जातीवाचक शिवीगाळ किंवा हेतुपुरस्सर अपमान ‘लोकांच्या नजरेसमोर’ झाला असेल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाखाली पोलिसांत गुन्हा दाखल करता येतो, आणि कलम १८-अ नुसार त्यासाठी प्राथमिक चौकशीची अट नाही. बंद दालनात, इतर कोणी नसताना झालेला अपमान या कलमांत बसवणे अवघड जाते. म्हणून त्या वेळी कोण उपस्थित होते हे फिर्यादीत पहिल्याच परिच्छेदात यावे.

एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा आणि तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा कायदा आहे. दुसऱ्या कायद्याखाली प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी असावा लागतो. एचआयव्हीविषयक कायद्याखाली तो सर्वसाधारणपणे १०० किंवा अधिक व्यक्ती असलेल्या आस्थापनेत लागतो, आणि राज्यस्तरावर लोकपालाची तरतूद आहे.

बदली, गोपनीय अहवाल आणि शिक्षा

बदलीच्या आदेशाविरुद्ध ‘मला गैरसोयीचे आहे’ हा मुद्दा चालत नाही. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदली अधिनियमानुसार पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षे आहे आणि मुदतपूर्व किंवा हंगामाबाहेरच्या, म्हणजे बदल्यांचे ठरलेले महिने सोडून केलेल्या, बदलीसाठी लेखी कारणे व वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. ती कारणे आणि ती मान्यता फाइलवर आहे का, एवढाच प्रश्न विचारावा. आकसाचा आरोप करायचा असेल, तर ज्याच्यावर आरोप आहे त्या अधिकाऱ्याला न्यायाधिकरणात नावाने प्रतिवादी करावे लागते. केवळ पदनाम पुरत नाही.

गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, केवळ प्रतिकूलच नव्हे, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले आणि २०१३ मध्ये पुन्हा अधोरेखित केले. त्यामुळे ‘चांगला’ या शेऱ्याने पदोन्नती हुकली असेल आणि तो शेरा कधी दाखवलाच नसेल, तर तक्रारीची सुरुवात तिथून करावी. शिक्षेचा आदेश असेल, तर निवेदन नव्हे, अपील करायचे असते. शिस्त व अपील नियमांखाली त्याची मुदत ४५ दिवस आहे.

न्यायाधिकरण आणि मुदतीचा हिशेब

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडे जावे लागते. त्याचे कामकाज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे चालते. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे रिट याचिका करता येते. तिथे थेट जाता येत नाही. जिल्हा परिषद, महानगरपालिका किंवा महामंडळातल्या कर्मचाऱ्याने आपली सेवा मॅटच्या अधिकारक्षेत्रात येते का, हे वकिलाकडून आधीच तपासून घ्यावे, कारण चुकीच्या दारात वर्षे वाया गेलेली प्रकरणे आहेत.

मुदतीचा नियम १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियमाच्या कलम २० आणि २१ मध्ये आहे. आधी निवेदन किंवा अपील करावे. त्यावर अंतिम आदेश झाला तर त्या तारखेपासून एका वर्षात ‘मूळ अर्ज’ दाखल करावा. सहा महिने उलटूनही उत्तर आले नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष मिळते. समजा, पदोन्नती नाकारल्याचा आदेश १० जानेवारी २०२४ चा आहे आणि निवेदन ५ फेब्रुवारी २०२४ रोजी दिले. उत्तर आले नाही, तर सहा महिने ५ ऑगस्ट २०२४ ला संपतात आणि मूळ अर्जाची मुदत ५ ऑगस्ट २०२५ ला संपते. आता याच कर्मचाऱ्याने डिसेंबरमध्ये पहिले स्मरणपत्र दिले, पुढच्या मार्चमध्ये दुसरे, नंतर मंत्रालयात जाऊन तिसरे, तरी अखेरची तारीख एक दिवसही पुढे सरकत नाही. वारंवार निवेदने दिल्याने मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच ठरवून दिले आहे, आणि उशिरा केलेल्या अर्जाला कार्यालयाने उत्तर दिले म्हणून जुनी मुदत पुन्हा जिवंत होत नाही. ‘फाइल वर गेली आहे, महिनाभरात होईल’ हे वाक्य ऐकत बसलेल्यांचे नुकसान भेदभावाने झाले त्याहून अधिक या कॅलेंडरने केले आहे. विलंब माफीचा अर्ज करता येतो; पण त्यात प्रत्येक विलंबाचे कारण द्यावे लागते.

बदलीसारख्या तातडीच्या प्रकरणात सहा महिने थांबण्याची गरज नसते. निवेदन देऊन, त्याची पोच जोडून, अंतरिम स्थगितीच्या विनंतीसह लगेच अर्ज करता येतो, कारण पर्यायी उपाय वापरून होण्याची अट कायद्याने ‘सर्वसाधारणपणे’ घातलेली आहे. अशा वेळी कार्यमुक्त होण्यापूर्वी पोहोचणे महत्त्वाचे ठरते.

तक्रार दिल्यानंतर

तक्रारीनंतरचे काही महिने सर्वांत नाजूक असतात. उशिरा येण्याची नोंद, तोंडी दिलेले आणि नंतर नाकारलेले आदेश, अचानक आलेली कारणे दाखवा नोटीस, हे सर्व याच काळात सुरू होते. या काळात हजेरी आणि काम यांत बोट ठेवायला जागा ठेवू नये. तोंडी आदेश मिळाला की त्याच दिवशी ‘आपण आज दिलेल्या तोंडी सूचनेनुसार’ अशी सुरुवात करून दोन ओळींचे पत्र किंवा ई-मेल पाठवावे. नोटीस आली तर दिलेल्या मुदतीत, रागाचा एकही शब्द न लिहिता उत्तर द्यावे आणि तक्रारीची तारीख व नोटिशीची तारीख शेजारी शेजारी मांडून दाखवावी. चौकशी समितीपुढे बोलावले तर जबाब वाचल्याशिवाय सही करू नये. टंकलेखकाने ‘गैरसमज झाला होता’ असे आपल्या तोंडी घातले असेल, तर ती ओळ तिथेच खोडायला लावावी, बाजूला आद्याक्षरे करावीत आणि त्या जबाबाची प्रत मागूनच बाहेर पडावे.